नाणं न शिवणाऱ्यांच्या कॉलेजात

असिसीच्या फ्रान्सिसने आपल्या बंधूंसाठी लिहिलेल्या नियमावलीला १२२३ साली पोपची मान्यता मिळाली. तिच्या चौथ्या प्रकरणात एक सक्त मनाई आहे. बंधूंनी नाणं किंवा पैसा कोणत्याही रूपात घ्यायचा नाही, स्वतः नाही आणि मध्यस्थामार्फतही नाही. हे लिहिणारा माणूस एका सधन कापडव्यापाऱ्याचा मुलगा होता. वडिलांच्या दुकानात बसलेला, ठाण फाडून माल विकलेला, मित्रांवर हात सैल सोडून पैसा उधळलेला. पैसा माणसाचं काय करतो हे त्याने घरातच पाहिलं होतं.

मी त्याच फ्रान्सिसच्या परंपरेतल्या एका कॅथलिक कॉलेजात अकाउंटिंग शिकवते. जमा-नावे, खतावणी, ताळेबंद, घसारा, कर. ज्या बंधूंच्या संस्थापकाने नाण्याला शिवू नका म्हणून सांगितलं, त्यांच्या वर्गात मी रोज पैशाविषयीच बोलते. सुरुवातीला मला हा विरोधाभास वाटायचा. आता वाटतं की पैशाबद्दल इतक्या बारकाईने आणि इतकी शतकं विचार करणारं दुसरं घराणं मला भेटलं नसतं.

सेंट बोनाव्हेंचर हे कॉलेजचं नाव. कागदोपत्री ती युनिव्हर्सिटी आहे, पण आकार लहान, आणि इथली माणसं तिला लाडाने ‘बोनाज’ म्हणतात. न्यूयॉर्क म्हटल्यावर डोळ्यांपुढे येणाऱ्या उंच इमारतींशी या जागेचा काही संबंध नाही. हा न्यूयॉर्क राज्याचा नैर्ऋत्य कोपरा. शेजारून अ‍ॅलेगेनी नदी जाते, भोवती झाडीने भरलेले डोंगर आहेत आणि हिवाळा लांब असतो. १८५५ साली इटलीहून चार फ्रान्सिस्कन बंधू इकडे आले आणि १८५८ साली कॉलेज सुरू झालं. इमारतींवर लाल कौलं आहेत, इटलीची आठवण म्हणून. बर्फात ती कौलं फार देखणी दिसतात. शेजारचं गाव ओलीअन. एकेकाळी या भागात खनिज तेलाची भरभराट होती, कारखाने होते. १९५०च्या सुमारास ओलीअनची लोकसंख्या बावीस हजारांच्या वर होती. २०२०च्या जनगणनेत ती चौदा हजारांच्या आत आली. बंद पडलेली दुकानं, विकायला काढलेली घरं, दोन-दोन ठिकाणी अर्धवेळ राबणारी माणसं, आणि या सगळ्याच्या कडेला आमचं कॉलेज.

मी सांगलीची. वडील हळदीच्या एका अडतीवर दिवाणजी होते. दिवाळीत वह्यांची पूजा झाली की पहिल्या पानावर ‘श्री’ लिहायचा, हळदकुंकू वाहायचं आणि मग वर्षाची पहिली नोंद. इथे आल्यावर लायब्ररीत लुका पाचोली वाचला तेव्हा मी चकित झाले. व्यापाऱ्याने आपली वही देवाचं नाव घेऊन आणि क्रूसाची खूण करून उघडावी, असा त्याचा सल्ला आहे. १४९४ साली व्हेनिसमध्ये त्याचा गणिताचा मोठा ग्रंथ छापला गेला. त्यातल्या एका भागात त्याने दुहेरी नोंद पद्धत सविस्तर मांडली. ती त्याने शोधलेली नाही, व्हेनिसचे व्यापारी तिच्यावर आधीपासून हिशेब ठेवत होते. पण टिपणवही, मग रोजकीर्द, मग खतावणी हा क्रम छापील पुस्तकात आणून सगळ्या युरोपच्या हाती दिला तो याने. जगभरचे अकाउंटंट ज्याला आपला आद्य गुरू मानतात तो हा पाचोली फ्रान्सिस्कन बंधू होता, हे मला इथे येईपर्यंत कोणत्याही पाठ्यपुस्तकाने सांगितलं नव्हतं.

आमच्याकडे ‘फ्रान्सिस्कन मूल्यं’ हे शब्द भिंतीवर आहेत, माहितीपत्रकात आहेत, दीक्षान्त भाषणांतही असतात. भिंतीवरच्या शब्दांवर माझा फारसा भरवसा नाही. मूल्य कुठे दिसतं, तर ज्या ठिकाणी त्याच्यामुळे काहीतरी वेगळं करावं लागतं तिथे. माझ्या विषयापुरतं मला ते पहिल्यांदा दिसलं भाडेकराराच्या धड्यात.

हा धडा मुलांना कंटाळवाणा वाटतो. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांना २०१९पासून भाड्याने घेतलेल्या दुकानाचं, विमानाचं, यंत्राचं मूल्य ताळेबंदात दाखवावं लागतं. वस्तू तुमची नाही, पण ती वापरण्याचा हक्क तुमचा आहे आणि तो हक्क हीच मालमत्ता. एकदा मी हे फळ्यावर मांडत होते. वर्गात मागे आमचे एक वयस्कर फादर बसले होते. ते तत्त्वज्ञान शिकवायचे, आणि दुसऱ्यांच्या वर्गात जाऊन बसायची त्यांना हौस होती. तास संपल्यावर ते म्हणाले, “प्रोफेसर, या प्रश्नावरून आमच्या माणसांना एकदा पोपपासून पळून जावं लागलं होतं.” आणि मग तिथेच, पुढच्या वर्गाची मुलं दारात ताटकळत असताना, त्यांनी ती हकिगत सांगितली.

फ्रान्सिसच्या मागे त्याच्या बंधूंची संख्या वाढली, मठ उभे राहिले, ग्रंथ आले. मग हे सगळं कोणाचं? बंधू म्हणाले, आमचं काहीच नाही, आम्ही फक्त वापरतो. १२७९ साली पोप तिसऱ्या निकोलसने ते मान्य केलं. मालकी चर्चची, वापर बंधूंचा. पण १३२२ साली पोप बाविसाव्या जॉनने ती व्यवस्था मोडली. जी भाकरी खाल्ली की संपते, तिची मालकी आणि तिचा वापर वेगळे कसे काढणार, असा त्याचा मुद्दा होता. वाद पेटला. १३२८ साली विल्यम ऑफ ऑकम आणि बंधूंचा प्रमुख मायकेल ऑफ चेझेना हे रातोरात आव्हिन्योंहून निसटले आणि त्यांनी बव्हेरियाच्या लुडविगचा आश्रय घेतला. ऑकमचे तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्रावरचे लॅटिन ग्रंथ चिकित्सक आवृत्तीत संपादित करण्याचं प्रचंड काम आमच्याच आवारातल्या फ्रान्सिस्कन इन्स्टिट्यूटने केलं आणि १९८८ साली पुरं केलं. म्हणजे ज्या इमारतीवरून मी रोज जात होते तिच्यात माझ्या धड्याचा पूर्वज बसलेला होता.

त्यानंतर मी तो धडा वेगळ्या रीतीने शिकवू लागले. नियम तेच, परीक्षेतले प्रश्न तेच. पण आधी मुलांना विचारते, तुमच्याकडच्या कोणत्या वस्तू तुमच्या आहेत आणि कोणत्या तुम्ही नुसत्या वापरता? गाडी बँकेची, खोली कॉलेजची, फी कर्जातून भरलेली. अमेरिकन मुलं यावर बराच वेळ गप्प बसतात. एका मुलाने सांगितलं होतं की त्याच्या आजोबांचं शेत तीन पिढ्या वापरात होतं, आणि मालकी हातात आली त्याच वर्षी ते विकावं लागलं. असं काही वर्गात बोललं गेलं की नंतरचे आकडे मुलं लक्ष देऊन मांडतात. मला त्या मुलांना संन्यासी करायचं नाही. त्यातली बरीचशी मोठ्या ऑडिट कंपन्यांत जाणार आहेत, आणि जावीत. मात्र मालकी ही गोष्ट निसर्गातून उगवलेली नसून माणसांनी ठरवलेली आहे, एवढं त्यांना कळून जावं असं मला मनापासून वाटतं.

या परंपरेत पैशाविषयी तुच्छता नाही. हे मला उशिरा उमगलं. तेराव्या शतकाच्या शेवटी पीटर जॉन ओलिव्ही हा फ्रान्सिस्कन पंडित, स्वतः कडक दारिद्र्याचा पुरस्कर्ता, व्यापारी करारांवर ग्रंथ लिहितो आणि त्यात वाजवी किंमत म्हणजे काय, भांडवल कशाला म्हणावं याची चर्चा करतो. १४६२ साली पेरुजा शहरात फ्रान्सिस्कनांच्या पुढाकाराने गरिबांसाठी तारणपेढी उघडली. वस्तू ठेवा, थोडकं कर्ज घ्या, आणि पेढीचा खर्च भागेल एवढंच व्याज द्या. व्याज मुळात घ्यावंच का यावर बराच वाद झाला आणि १५१५ साली चर्चने या पेढ्यांना अधिकृत मान्यता दिली. सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाला, जिथे गल्लोगल्ली पतसंस्था आहेत, ही हकिगत परकी वाटत नाही.

पण ती पूर्ण सांगायला हवी. या पेढ्यांचा प्रचार करणाऱ्यांत बर्नार्दिनो दा फेल्त्रे हा बंधू अग्रणी होता, आणि त्याच्या प्रवचनांत सावकारी करणाऱ्या ज्यूंविरुद्ध जहर असे. गरिबाची बाजू घेता घेता दुसऱ्या एका दुबळ्या समाजावर रान उठवलं गेलं. मी वर्गात पेढ्यांविषयी बोलते तेव्हा हेही बोलते. एका वर्षी एका पालकांनी विचारलं होतं, कॅथलिक कॉलेजात हे कशाला सांगता? मी म्हटलं, कॅथलिक कॉलेज आहे म्हणूनच. फादरांनी त्यावर मान डोलावली होती, ते माझ्या लक्षात राहिलं आहे.

माझ्या स्वतःच्या मनातलीही एक गोष्ट मला त्यांच्यापाशी बोलायची होती. बोरिवलीला माझ्या मामाचं घर होतं आणि तिथून मंडपेश्वरच्या लेण्यांत मी अनेकदा गेले आहे. ते शैव लेणं. सोळाव्या शतकाच्या मध्याला पोर्तुगिजांच्या राज्यात फ्रान्सिस्कनांनी त्याचं चर्च केलं आणि वर विद्यालय उभारलं. त्या इमारतीचे भग्न अवशेष अजून डोंगरावर उभे आहेत. आत एका भिंतीवरची मूळ शिल्पं तासून मोठा क्रूस कोरलेला आहे, आणि पलीकडे नटराज आहे. लहानपणी मला त्या भिंतीचा फार राग यायचा. फ्रान्सिस्कन शिक्षणाचं मी पाहिलेलं पहिलं स्मारक हे असं होतं. मी फादरांना त्या भिंतीचा फोटो दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. बचाव केला नाही, आणि घाईने क्षमाही मागितली नाही. १२१९ साली धर्मयुद्ध ऐन भरात असताना फ्रान्सिस इजिप्तमध्ये नि:शस्त्र सुलतान अल-कामिलला भेटायला गेला होता, त्याची आठवण त्यांनी काढली आणि म्हणाले, “आमच्याकडे दोन्ही वारसे आहेत. कुठला चालवायचा हे दर पिढीला ठरवावं लागतं.” नंतर त्यांनी तो फोटो मागून घेतला आणि आपल्या तत्त्वज्ञानाच्या वर्गात मुलांना दाखवला. मी हिंदू आहे, आणि या कॉलेजात ते लपवण्याची किंवा मिरवण्याची वेळ माझ्यावर कधी आली नाही. त्या फोटोनंतर मला इथे आणखी घरच्यासारखं वाटू लागलं.

आता ओलीअनच्या वॉर्मिंग हाउसविषयी. हे जेवणघर आमच्या विद्यार्थ्यांनी १९७४पासून चालवलं आहे. विद्यार्थ्यांनी चालवलेलं देशातलं सर्वांत जुनं मोफत जेवणघर म्हणून ते ओळखलं जातं. स्वयंपाक मुलं करतात, वाढतात, भांडी घासतात. पण तिथली माझ्या मते सगळ्यात अवघड शिस्त वेगळीच आहे. वाढून झालं की आपणही ताट घेऊन येणाऱ्यांच्या टेबलावर बसायचं आणि बोलायचं. नव्या मुलांना वाढणं सोपं जातं. हातात पळी असली की आपण देणारे आणि समोरचा घेणारा, हे ठरून जातं. खुर्चीत बसलं की ते गळून पडतं. पहिले काही दिवस मुलं पळी सोडायला तयार नसतात. कोणीतरी वरच्या वर्गातली मुलगी हळूच येऊन ती काढून घेते.

फ्रान्सिसने मृत्यूपूर्वी, १२२६ साली, जे मृत्युपत्र लिहिलं त्यात आपल्या आयुष्याला वळण लागलं त्याचं मूळ तो कुष्ठरोग्यांच्या सहवासात शोधतो. आधी त्याला त्यांच्याकडे पाहवत नव्हतं. इथे मराठी माणसाला बाबा आमटे आठवल्याशिवाय राहत नाहीत. गटारात पडलेल्या तुळशीरामला पाहून घाबरून पळालेला माणूस परत फिरतो आणि त्यातूनच पुढे आनंदवन उभं राहतं. मी ही गोष्ट वॉर्मिंग हाउसमध्ये काम करणाऱ्या मुलांना सांगते, आणि त्यांना ती ताबडतोब कळते. फ्रान्सिस त्यांना पुतळ्यातला वाटतो, कारण आवारात त्याचे पुतळे आहेत. वरोऱ्याजवळच्या माळावर विहीर खणणारा वकील त्यांना खरा वाटतो, आणि त्याच्यामागून मग फ्रान्सिसही खरा होतो.

माझ्या विभागात याचंच दुसरं रूप आहे. जानेवारीअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत आमची अकाउंटिंगची मुलं गावातल्या कमी उत्पन्नाच्या लोकांची आयकर विवरणपत्रं फुकट भरून देतात. ही करखात्याचीच योजना आहे, व्हिटा नावाची. स्वयंसेवकांना खात्याची परीक्षा द्यावी लागते, आणि प्रत्येक विवरणपत्र दुसऱ्या माणसाने तपासल्याशिवाय पुढे जात नाही. इथल्या कष्टकरी कुटुंबांना १९७५पासून एक करसवलत आहे. मिळकत कमी असली आणि घरात मुलं असली तर भरलेल्या करापेक्षाही जास्त रक्कम परत मिळू शकते. अनेकांसाठी वर्षातली सगळ्यात मोठी एकरकमी आवक तीच असते. गाडीची दुरुस्ती, थकलेलं भाडं, हीटरचं बिल, मुलांचे बूट सगळं तिच्यावर अवलंबून. बाहेर पैसे घेऊन विवरणपत्र भरून देणारी दुकानं आहेत आणि त्यांची फी त्या रकमेतूनच जाते.

कायदा शिकवणं सोपं आहे. प्रश्न विचारणं अवघड. एक आजी यायच्या, नातवंडांना सांभाळणाऱ्या. नातवंडं वर्षातले सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ त्यांच्याकडे राहिली का, हे विचारावंच लागतं. मुलांचे आईवडील कुठे आहेत, हा प्रश्न त्याच्या मागोमाग येतो, आणि त्याचं उत्तर व्यसन, तुरुंग किंवा मृत्यू यांपैकी काहीही असू शकतं. वीस वर्षांच्या मुलीने हे कसं विचारायचं? पहिल्या वर्षी मुलं स्क्रीनमागे लपायची. प्रश्न वाचायची, उत्तर टाइप करायची, मान वर नाही. एका संध्याकाळी तेच फादर येऊन एका टेबलाशी उभे राहिले. त्यांनी काही न बोलता एक खुर्ची उचलली, टेबलाच्या अलीकडे आणून विद्यार्थिनीला त्या आजींच्या शेजारी बसवलं आणि स्क्रीन दोघींना दिसेल अशी वळवली. “आकडे त्यांचे आहेत,” ते एवढंच म्हणाले, “त्यांना दिसू देत.”

त्या आजींनी स्क्रीनकडे बघताबघता स्वतःच सांगितलं की मधल्या नातवाची जन्मतारीख चुकली आहे. ती तशीच गेली असती तर परतावा अडकला असता. तेव्हापासून आमच्याकडे सगळी टेबलं तशीच मांडतात. खात्याच्या प्रशिक्षणात हे शिकवत नाहीत, आणि मी कधी एखाद्या परिषदेत याविषयी बोलले तर लोक म्हणतात, वा, ग्राहकसेवेची चांगली कल्पना आहे. त्यांना कसं सांगावं ते मला कळत नाही. ग्राहकसेवेत माणूस पुन्हा यावा म्हणून त्याला शेजारी बसवतात. इथे त्याला शेजारी बसवलं, कारण आकडे त्याचे होते.

कॉलेजपासून गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर माउंट आयरिनेअस म्हणून एक डोंगरावरची जागा आहे, फ्रान्सिस्कनांनी वसवलेली. रविवारी मुलं तिथे जातात, प्रार्थना होते, मग एकत्र स्वयंपाक, जेवण आणि सगळ्यांनी मिळून भांडी. ज्या संताचं नाव कॉलेजला आहे त्या बोनाव्हेंचरविषयी एक दंतकथा आहे. पोपचे दूत कार्डिनलपदाची टोपी घेऊन आले तेव्हा तो भांडी घासत होता. हात ओले आहेत, झाडाला टांगून ठेवा म्हणाला. डोंगरावरच्या मोरीत साबणाचे हात घेऊन उभी असलेली कोणतीही मुलगी ही गोष्ट नव्या पाहुण्याला सांगते.

हे सगळं वाचून कोणाला वाटेल की इथे नुसतं मंगलच आहे. तसं नाही, आणि इथली जुनी माणसं ते लपवत नाहीत. २००३ साली बास्केटबॉल संघातला एक खेळाडू प्रवेशाच्या अटींत बसत नव्हता. त्याच्याकडे पदविकेऐवजी वेल्डिंगचं प्रमाणपत्र होतं, तरी त्याला खेळू दिलं गेलं. ते उघड झालं, संघाने हंगामातले उरलेले सामने खेळायला नकार दिला, अध्यक्षांना पद सोडावं लागलं आणि गाव महिनोन्‌महिने शरमेत बुडालं. मी ऑडिट शिकवताना हे प्रकरण घेते. कारण अंतर्गत नियंत्रण कुठे ढासळतं याचं ते पाठ्यपुस्तकात शोभेल असं उदाहरण आहे: ज्याने ‘नाही’ म्हणायचं त्यालाच ‘हो’ हवं असतं. पुढच्या वर्षी कॉलेजने अध्यक्ष म्हणून एका फ्रान्सिस्कन सिस्टरला आणलं. मार्गारेट कार्नी त्यांचं नाव, फ्रान्सिस्कन इतिहासाच्या अभ्यासक. त्या २०१६पर्यंत होत्या. भिंतीवरच्या शब्दांना कामाला लावण्याची निकड तेव्हापासून वाढली, असं जुने सहकारी सांगतात.

आणखी एक प्रश्न मला खरोखर छळतो. बंधू कमी होत आहेत. तपकिरी झग्यातली, कमरेला तीन गाठींची पांढरी दोरी बांधलेली माणसं आवारात पूर्वी सर्रास दिसायची, आता मोजकी आहेत आणि त्यातली बरीच म्हातारी. २०२३ साली अमेरिकेतल्या फ्रान्सिस्कनांचे सहा प्रांत एकत्र करून एकच केला गेला. आमचा प्रांत त्यांतलाच. ज्यांनी खुर्ची उचलून टेबलाच्या अलीकडे आणली ते फादर आता शिकवत नाहीत. त्यांची नजर आमच्यात कशी उतरायची? आमच्यातले बरेचजण कॅथलिकही नाहीत. माझा अनुभव असा की प्रशिक्षणवर्गांनी ती उतरत नाही. कोणीतरी आपल्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसावं लागतं. म्हणून मी आता तत्त्वज्ञानाच्या आणि नर्सिंगच्या वर्गांत मागे जाऊन बसते. तरुण सहकाऱ्यांना सुरुवातीला ते तपासणीसारखं वाटलं. आता तेही माझ्या वर्गात येतात.

अशाच एका फेरीतून सध्याचं काम निघालं आहे. ना-नफा हॉस्पिटलांच्या हिशेबात एक बारकावा असतो. रुग्ण गरीब आहे हे ठरवून बिल माफ केलं तर ती ‘चॅरिटी केअर’. ती रक्कम उत्पन्नात धरायचीच नाही, तिच्यावर झालेला खर्च टिपेत द्यायचा. ते न ठरवता बिल पाठवलं आणि पैसे आले नाहीत, तर ते बुडीत येणं; त्याच्यामागे स्मरणपत्रं येतात, मग वसुली एजन्सी. रुग्ण तोच, आजार तोच. तो कोणत्या ओळीत जाईल हे पुष्कळदा एवढ्यावरच ठरतं की कोणी त्याच्याकडून सवलतीचा अर्ज भरून घेतला का. २०१०च्या आरोग्य कायद्याने अशा हॉस्पिटलांना लेखी सवलत-धोरण ठेवणं भाग पाडलं आहे, पण अर्ज लांबलचक असतो आणि मिळकतीचा पुरावा मागतो. मी हे शिकवत असताना वॉर्मिंग हाउसमध्ये जेवण वाढणाऱ्या एका मुलाने हात वर केला. म्हणाला, तिथे माझ्याबरोबर जेवणाऱ्या एका काकांच्या पिशवीत हॉस्पिटलची न फोडलेली पाकिटं आहेत, आणि मिळकतीचा जो पुरावा त्यांना लागेल तो आपणच तर दर मार्चमध्ये तयार करून देतो.

त्याचं खरं आहे. भरलेल्या विवरणपत्राची प्रत हाच तो पुरावा. टेबलावरून उठण्याआधी एक प्रश्न जास्त विचारायचा: घरात हॉस्पिटलचं बिल आहे का? अडचण एवढीच की व्हिटात मिळालेली माहिती करदात्याच्या लेखी संमतीशिवाय दुसऱ्या कशालाही वापरता येत नाही, आणि तो नियम योग्यच आहे. म्हणून संमतीचा कागद वेगळा हवा, आणि तो असा हवा की थकलेल्या माणसाला दिवसभराच्या कामानंतर एका वाचनात कळेल. मुलांनी तीन मसुदे केले आहेत. तिसरा घेऊन ती या शुक्रवारी वॉर्मिंग हाउसमध्ये जाणार आहेत, जेवायला येणाऱ्यांनाच तो वाचून दाखवायला आणि कुठे अडतं ते विचारायला. टेबलं जानेवारीअखेर लागतात. तोवर कागद तयार व्हायला हवा.